सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट : नावाचा अर्थ आणि इतिहास

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती धर्मातील एक प्रोटेस्टंट पंथ आहे. त्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या ईशान्य भागात झाला. १ ऑक्टोबर १८६० रोजी या पंथाने आपले नाव निश्चित केले आणि मे १८६३ मध्ये त्याची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. आज त्याची जगभरातील सभासदसंख्या दोन कोटींहून अधिक आहे. पुष्कळ ख्रिस्ती पंथांची नावे संस्थापकावरून, देशावरून किंवा कारभाराच्या पद्धतीवरून पडली आहेत. ल्यूथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. ॲडव्हेंटिस्टांच्या नावात मात्र व्यक्ती नाही, स्थळ नाही आणि कारभाराचा उल्लेखही नाही. त्यात दोन दिवस आहेत. एक दर आठवड्याला ठरल्या वेळी येतो. दुसरा केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नाही, अशी या पंथाची श्रद्धा आहे.

शब्दांची फोड

‘सेव्हन्थ-डे’ म्हणजे सातवा दिवस, अर्थात शनिवार. बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतल्याचे वर्णन आहे. ‘निर्गम’ या पुस्तकातील दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा तो दिवस पवित्र मानण्यास सांगते. हिब्रू भाषेत या दिवसाला जे नाव आहे त्याच्या मुळाशी थांबणे, काम सोडणे हा अर्थ आहे. मराठी बायबलमध्ये तो शब्द ‘शब्बाथ’ या रूपात आला आहे.

‘ॲडव्हेंटिस्ट’ हा शब्द आगमन या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून बनला आहे. येथे वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव आहे. कॅथलिक, अँग्लिकन इत्यादी चर्चमध्ये नाताळापूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांना ॲडव्हेंट किंवा आगमनकाळ म्हणतात. त्या काळाचा आणि या पंथाच्या नावाचा शब्द एकच असला, तरी पंथाचे नाव त्या काळावरून पडलेले नाही. नावातील आगमन हे बेथलेहेमातील जन्माचे नसून येशू ख्रिस्त पुन्हा, प्रत्यक्ष आणि सर्वांना दिसेल अशा रीतीने येणार आहे, या दुसऱ्या आगमनाचे आहे. हे दुसरे येणे बहुतेक सर्वच ख्रिस्ती पंथ मानतात. ते जवळ आले आहे असे मानून त्यालाच आपली ओळख करणे, हे मात्र ॲडव्हेंटिस्टांचे वैशिष्ट्य होय.

१८४४ ची निराशा

या नावातील उत्तरार्ध आधीचा आहे आणि त्याची कथा एका चुकलेल्या तारखेपासून सुरू होते. विल्यम मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन येथील शेतकरी व बाप्टिस्ट उपदेशक. ‘दानीएल’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात २,३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे भविष्य आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले, गणनेचा आरंभ इ.स.पूर्व ४५७ पासून केला आणि पवित्रस्थानाचे शुद्धीकरण म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याने होणारे पृथ्वीचे शुद्धीकरण असा अर्थ लावला. आरंभी हिशेब १८४३ वर येत होता. इ.स.पूर्व १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हे ध्यानात आल्यावर तो १८४४ वर गेला. पुढे सॅम्युएल स्नो या उपदेशकाने यहुदी पंचांगातील प्रायश्चित्ताच्या दिवसाचा आधार घेऊन २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख सांगितली.

मिलरच्या अनुयायांची संख्या पन्नास हजार ते एक लाख असावी असा अंदाज केला जातो. त्यांतील काहींनी उभे पीक काढले नाही, काहींनी दुकाने बंद केली, देणी फेडून टाकली. पांढरे झगे घालून ते टेकड्यांवर जाऊन बसले होते, अशी गोष्ट पुढे दीर्घकाळ सांगितली गेली. परंतु फ्रान्सिस निकोल याने १९४४ मध्ये केलेल्या चिकित्सेत तिला विश्वसनीय आधार आढळला नाही. पुस्तकांत ती अजूनही भेटते, म्हणून तिचा उल्लेख येथे केला आहे.

२२ ऑक्टोबरचा दिवस सरला, रात्रही सरली आणि काही घडले नाही. इतिहासात हा प्रसंग ‘महानिराशा’ या नावाने ओळखला जातो. शेजारीपाजारी चेष्टा करू लागले. बहुसंख्य अनुयायी आपापल्या जुन्या चर्चमध्ये परतले किंवा धर्मापासूनच दूर गेले. काहींनी नव्या तारखा काढल्या. एका लहानशा गटाने मात्र वेगळा मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मक्याच्या शेतातून जात असताना हायरम एडसन या शेतकऱ्याला असे उमगले की, तारीख बरोबर असावी, प्रसंग चुकीचा समजला गेला; शुद्ध व्हावयाचे पवित्रस्थान पृथ्वी नसून स्वर्गातील आहे, आणि त्या दिवशी ख्रिस्ताने तेथील सेवेच्या अखेरच्या भागास आरंभ केला. हा अर्थ इतर ख्रिस्ती पंथांना मान्य नाही आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे. ॲडव्हेंटिस्ट मात्र आजही तो मानतात.

नावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या गटातून वाढलेल्या पंथाने ख्रिस्ताच्या येण्याची नवी तारीख सांगण्याचे नाकारले. येणे जवळ आहे, पण दिवस सांगता येत नाही, अशी त्याची भूमिका झाली. ज्या शब्दामुळे लोक हसले, तोच शब्द त्याने नावात कायम ठेवला आणि ज्या आकड्यामुळे हसले तो नावाबाहेर राहिला.

सातवा दिवस कोठून आला

मिलरने स्वतः शनिवार कधीच पाळला नाही. ही शिकवण आली ती सेव्हन्थ डे बाप्टिस्ट या, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या, लहानशा पंथाकडून. त्या पंथाच्या रेचेल ओक्स या स्त्रीने न्यू हॅम्पशायर राज्यातील वॉशिंग्टन गावच्या आगमनवादी मंडळीपुढे हा विषय मांडला. देवाच्या आज्ञा पाळा असे सांगणारा उपदेशक चौथी आज्ञा मात्र पाळत नाही, असा तिचा आक्षेप होता. उपदेशक फ्रेडरिक व्हीलर याला तो पटला. पुढे जोसेफ बेट्स (१७९२–१८७२) या निवृत्त जहाजकप्तानाने १८४६ मध्ये शब्बाथावर पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी विवाहबद्ध झालेल्या जेम्स व एलन व्हाइट या दांपत्याने तिच्या प्रभावाने शनिवार पाळण्यास सुरुवात केली. एलन व्हाइट (१८२७–१९१५) यांना झालेले दृष्टान्त व त्यांचे विपुल लेखन यांना पंथात पुढे मोठे स्थान मिळाले.

दिवस ठरला, तरी तो सुरू केव्हा होतो हा प्रश्न उरला होता. बेट्स वर्षभर सायंकाळी सहा ही वेळ धरीत असे. १८५५ मध्ये जे. एन. अँड्र्यूज याने बायबलचा अभ्यास करून सूर्यास्त ते सूर्यास्त हे मान ठरवले. तेव्हापासून ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो.

नाव घ्यावे की न घ्यावे

यानंतरही सुमारे पंधरा वर्षे या लोकांना अधिकृत नाव नव्हते, आणि याला कारण होते. महानिराशेपूर्वी आपापल्या चर्चमधून बाहेर काढले गेल्याचा अनुभव अनेकांना होता. संघटना झाली की ती ‘बाबेल’ होते, हा विचार त्यांच्यात रुजला होता. १८६० मध्ये आर. एफ. कॉट्रेल याने तर नाव धारण करणे हेच बाबेलच्या बुरुजाचे मूळ आहे, असा आक्षेप लेखी नोंदवला. ‘उत्पत्ति’च्या अकराव्या अध्यायात बुरूज बांधणारे लोक स्वतःचे नाव करण्यासाठीच तो बांधतात, हा त्याचा आधार होता.

अडचण निघाली ती अगदी व्यवहारातली. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे पंथाचा छापखाना होता आणि तो कागदोपत्री जेम्स व्हाइट यांच्या खाजगी मालकीचा होता. उद्या त्यांचे निधन झाले तर ही सार्वजनिक मालमत्ता कोणाची? कायद्याने संस्था नोंदवावयाची तर नाव हवे. सप्टेंबरअखेर बॅटल क्रीक येथे परिषद भरली. अध्यक्ष बेट्स होते. जेम्स व्हाइट यांच्यासह अनेकांचा ओढा ‘चर्च ऑफ गॉड’ म्हणजे ‘देवाची मंडळी’ या नावाकडे होता. त्यावर दोन हरकती आल्या. एक, ते नाव इतरांनी आधीच घेतले होते. दुसरी, ते अहंकाराचे वाटेल. अखेर डेव्हिड ह्यूइट याने ‘सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट’ हे नाव स्वीकारावे असा ठराव मांडला आणि तो संमत झाला.

पाहता हे नाव नवे नव्हतेच. बाहेरचे लोक या मंडळींना असल्याच काही शब्दांनी ओळखत होते. परंतु निवड अचूक होती. ‘ॲडव्हेंटिस्ट’ एवढेच म्हटले असते, तर मिलरच्या चळवळीतून निघालेल्या व रविवार पाळणाऱ्या इतर गटांहून ते वेगळे ठरले नसते. केवळ ‘सेव्हन्थ डे’ म्हटले असते, तर बाप्टिस्टांशी घोटाळा झाला असता. एलन व्हाइट यांनी या नावाला ठाम पाठिंबा दिला. आपल्या श्रद्धेची ठळक वैशिष्ट्ये ते समोर ठेवते आणि ऐकणाऱ्याला विचार करावयास लावते, असे त्यांचे मत होते. काही मंडळ्यांनी हे नाव नाकारून ‘चर्च ऑफ गॉड’ हेच कायम ठेवले; त्यांची परंपरा आज वेगळ्या पंथांच्या रूपात चालू आहे. छापखान्याची संस्था १८६१ मध्ये नोंदवली गेली. १८६३ मध्ये मध्यवर्ती संघटना झाली तेव्हा सभासद सुमारे ३,५०० आणि मंडळ्या सुमारे १२५ होत्या.

सातवा दिवस नेमका कोणता?

भारतीय वाचकाला हा प्रश्न विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे वारांची गणना रविवारपासून होते आणि शनिवार आपोआप सातवा येतो. पोर्तुगीज भाषेत सोमवारला ‘दुसरा’ म्हणतात आणि शनिवारच्या नावात शब्बाथ हा शब्दच आहे. रशियन व अरबी भाषांतही शनिवारचे नाव त्याच शब्दापासून आले आहे. सोमवारपासून आठवडा मोजण्याची पद्धत अलीकडे कार्यालयीन दिनदर्शिकांत रूढ झाल्याने मात्र रविवार सातवा दिसू लागतो.

खरा पेच प्रशांत महासागरात उभा राहिला. टोंगा हे बेटराष्ट्र १८० अंश रेखावृत्ताच्या पूर्वेस आहे; परंतु आंतरराष्ट्रीय वाररेषा वळवून ते पश्चिमेकडील देशांच्या वारांत घेतले आहे. तेथील ॲडव्हेंटिस्ट मूळ रेखावृत्त प्रमाण मानतात. म्हणून सरकारी दिनदर्शिकेत ज्या दिवशी रविवार असतो, त्याच दिवशी ते सातवा दिवस पाळतात. २०११ मध्ये सामोआ देशाने व्यापाराच्या सोयीसाठी वाररेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबरचा शुक्रवार दिनदर्शिकेतून गाळला. सात दिवसांची अखंड साखळी मोजत राहावे, तर शब्बाथ आता रविवार या नावाच्या दिवशी येत होता. पंथाच्या अधिकृत यंत्रणेने तसेच ठरवले. काही सभासदांना ते पटेना. आयुष्यभर ज्या शनिवारसाठी उपहास सोसला, तो सोडून रविवारी प्रार्थनेला बसावयाचे, हे त्यांना अशक्य वाटले आणि ते वेगळे झाले. दोन्ही बाजू ‘सातवा दिवस’ या एकाच शब्दाशी एकनिष्ठ होत्या. एक दिवस मोजत होती, दुसरी त्याचे नाव पाहत होती.

आशा आणि मृत्यू

‘आगमन’ या शब्दात या पंथाची आशा का एकवटली आहे, हे त्यांच्या मृत्यूविषयीच्या शिकवणीवरून कळते. बहुतेक ख्रिस्ती परंपरांत मृत्यूनंतर आत्मा लगेच देवाकडे जातो असे मानतात. ॲडव्हेंटिस्टांच्या मते अमर असा स्वतंत्र आत्मा माणसात नसतो. मृत्यू ही गाढ निद्रा आहे आणि ख्रिस्त येईल तेव्हाच मृत उठतील. गेलेले माणूस पुन्हा भेटण्याचा त्यांच्या दृष्टीने तोच एक क्षण आहे. म्हणून तारीख चुकल्यावरही येण्याची आशा सोडणे त्यांना परवडणारे नव्हते. अनंत नरकयातनाही ते मानत नाहीत. दुष्टांचा अखेर नाश होतो, अशी त्यांची शिकवण आहे. सध्या त्यांच्या मूलभूत श्रद्धांची संख्या २८ आहे. अठ्ठाविसावी २००५ मध्ये जोडली गेली.

लवकरच जग बदलणार असे मानणाऱ्यांनी इतकी रुग्णालये आणि शाळा का बांधल्या, असे टीकाकार विचारतात. शरीर हे देवाचे मंदिर असून आशा म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे त्यावरचे त्यांचे उत्तर. मद्य व तंबाखू ते वर्ज्य मानतात आणि शाकाहाराचा पुरस्कार करतात.

भारत व महाराष्ट्र

भारतात या पंथाचे काम १८९० च्या दशकात सुरू झाले. १८९५ मध्ये जॉर्जिया बर्रस या मिशनरी म्हणून कोलकात्यात आल्या. १८९८ मध्ये आलेले विल्यम स्पायसर पुढे १९२२ ते १९३० या काळात पंथाचे जागतिक अध्यक्ष झाले. १९१५ मध्ये कोइमतूर येथे सुरू झालेले आणि १९४२ मध्ये पुण्यात आलेले महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते; आज ते विद्यापीठ आहे. पंथाची ओरिएंटल वॉचमन ही प्रकाशनसंस्थाही पुण्यातच, सॅलिसबरी पार्क भागात आहे.

महाराष्ट्रात बहुतेक ख्रिस्ती लोक रविवारी उपासनेला जातात आणि साप्ताहिक सुट्टीही रविवारीच असते. त्यामुळे सुट्टी व शब्बाथ यांचा मेळ ॲडव्हेंटिस्ट कुटुंबांना आपोआप मिळत नाही. शनिवारी सकाळची शाळा, शनिवारी येणारी विद्यापीठाची किंवा भरतीची परीक्षा, शनिवारी चालू असणारे कार्यालय, यांपैकी काहीतरी दरवर्षी समोर येते. काही जण वेगळी वेळ देण्याची विनंती करतात, काही जण परीक्षेला बसत नाहीत. हजेरीपत्रकात त्या दिवशी गैरहजेरी लागते; घरी शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक उरकून सूर्यास्तापूर्वी काम थांबवलेले असते.