‘बाबा आजारी आहेत’ असे मी तिला सांगितले



दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुवा भागातील अनेक पाड्यांवरची कर्ती माणसे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि बरीचशी होळीच्या सुमारास परततात. तोवर त्यांची काही मुले आमच्या वसतिगृहात असतात. अशाच एका हिवाळ्यात तिसरीतल्या एका मुलीचे वडील तोडीच्या ठिकाणीच वारले. तिची ओळख कोणाला पटू नये म्हणून नाव-गाव लिहीत नाही. काका तिला न्यायला आले. वाटेत रडेल म्हणून मी तिला म्हणाले, “बाबा आजारी आहेत, भेटून ये.” ती आनंदाने जीपमध्ये बसली. खरे काय ते तिला अंगणात जमलेली माणसे पाहून कळले.

परत आल्यावर ती जेवत होती, खेळत होती. लहान आहे, विसरली असेल, असे आम्हाला वाटले. दोन महिन्यांनी मला साधा ताप आला. सकाळी दार उघडले तर ती उंबऱ्याशी पांघरूण घेऊन झोपलेली. कोणीतरी तिला सांगितले होते, ताई आजारी आहेत. त्या शब्दाचा अर्थ मीच तिला शिकवला होता.

त्यानंतर आम्ही या विषयाचे प्रशिक्षण घेतले. त्यातून जे शिकलो ते आपल्या मंडळ्यांतील घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

मुलांचे दुःख मोठ्यांसारखे दिसत नाही. ते श्रावणातल्या ऊन-पावसासारखे असते. आता रडेल आणि घटकाभराने लगोरी खेळेल. खेळते म्हणजे विसरले असे नव्हे. पाच वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचे असते हे सहसा कळत नाही. म्हणून ते रोज विचारते, “बाबा कधी येणार?” साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना ते समजते. मधल्या वयात एक भीती मनात बसते: ‘मी ऐकले नाही, रागावून बोललो, म्हणून आई गेली.’ हे मूल आपणहून कोणाला सांगत नाही. मग पोटात दुखू लागते, अंथरूण ओले होते, अभ्यासातले लक्ष उडते, मारामारी वाढते. आम्ही पूर्वी अशा मुलांना शिक्षा करीत होतो, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट, खरे आणि साध्या शब्दांत सांगावे. “बाबा वारले. त्यांचे शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही.” ‘झोपले’ म्हटले तर मूल झोपायला घाबरते. ‘देवाला आवडले म्हणून त्याने नेले’ असे आपण विश्वासाने म्हणतो, पण लहान मुलाला तो देव चोरासारखा वाटू शकतो. पुनरुत्थानाची आशा त्याला जरूर सांगावी, पण रडू थांबवण्यासाठी नव्हे. लाजारला आपण उठवणार हे प्रभूला ठाऊक होते, तरीही त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला.

दुसरी गोष्ट, आठवणी जपू द्याव्यात. दर शनिवारी दुपारी आई किंवा वडील गमावलेली आमची मुले एकत्र बसतात. चित्रे काढतात, मातीची घरे करतात, वाटले तर बोलतात. आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे पाहूनच पुष्कळ मुलांची जीभ मोकळी होते. प्रत्येकाजवळ एक पत्र्याचा डबा असतो. कोणाच्या डब्यात आईची बांगडी, तर कोणाच्या डब्यात वडिलांची बासरी.

तिसरी गोष्ट, मागे राहिलेल्या पालकाला आधार द्यावा. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेत आई किंवा वडील गमावलेल्या १२५ शाळकरी मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला. बहुतेक मुले सावरली, परंतु काहींच्या अडचणी दुसऱ्या वर्षी अधिक स्पष्ट झाल्या. मागे राहिलेला पालक कसा सावरतो यावर मुलाचे सावरणे बरेच अवलंबून होते. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या एका उपक्रमात मुलांबरोबर पालकांचेही गट घेतले गेले. त्याचा लाभ सहा वर्षांनंतरच्या तपासणीतही दिसून आला. म्हणून आता आमच्या सेविका मुलाच्या आईकडे पाड्यावरही जातात.

तिथे गेल्यावर बोलणे बहुधा कागदांपासून सुरू होते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच, शक्यतो २१ दिवसांत करावी लागते. तोडीवर मृत्यू झाला की ती नेमकी राहून जाते. मृत्यूचा दाखला नसेल तर पुढची कामे अडतात. महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या मुलालाही महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या यंत्रणेकडे करायचा असतो. पैशाने दुःख जात नाही, पण आईला पुन्हा तोडीवर जाण्याची घाई कमी होते, आणि त्या वेळी मुलाला तिचीच गरज असते.

काही मुलांना एवढे पुरत नाही. मूल मरणाच्या गोष्टी करू लागले, आठवडे उलटूनही खाईना-झोपेना झाले, तर केवळ प्रार्थना करून थांबू नये. जिल्हा रुग्णालयात दाखवावे, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलावे. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

अनाथ व विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे हीच शुद्ध भक्ती, असे याकोब शिकवतो. समाचार एकदा घेऊन संपत नाही. अंत्यविधीला आपण सारे जातो. दुसऱ्या वर्षी त्या घरी कोण जाते? आपल्या मंडळीत असे मूल असेल तर वडिलांच्या स्मृतिदिनाची तारीख लिहून ठेवा, त्या दिवशी जा, आणि वडिलांचे नाव घेऊन बोला. आमच्या शनिवारच्या गटासाठी व पाड्यांवर चालत जाणाऱ्या सेविकांसाठी प्रार्थना करा. आपल्या देणग्यांतून त्यांचा प्रवासखर्च व मुलांचे साहित्य भागते, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

त्या मुलीची मी क्षमा मागितली. “मी तुला खरे सांगितले नाही, माझे चुकले,” असे म्हणाले. ती काही बोलली नाही. ती आता सहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात मला पुन्हा ताप आला, तेव्हा ती दाराशी येऊन म्हणाली, “ताई, खरे सांगा, किती ताप आहे?” मी थर्मामीटर तिच्या हातात दिला. तिने आकडा वाचला आणि झोपायला गेली.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक गृहमाता