काट्यावरच्या यंत्राची आठवण किती पक्की?
फ्लॅश मेमरीचा वाचन-लेखनाचा वेग कसा मोजावा, याची माहिती



आपली गाडी काट्यावर चढते, आकडा उमटतो, पावती हातात पडते. हाच आकडा पुढे शेतकी खात्याकडे आणि तिथून हिशेब खात्याकडे जातो व त्यावर आपले ऊसबिल निघते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ ने या बिलाला ऊस पोचल्यापासून १४ दिवसांची मुदत घातली. ती पाळायची तर मुळातली नोंद जागेवर हवी. पूर्वी ही नोंद काट्यावरचा कारकून शाईने वहीत करी. आता ती काट्याच्या खोलीतल्या यंत्रात, नखाएवढ्या चिपवर होते.

काटा बरोबर आहे का, असे सभासद नेहमी विचारतात, आणि विचारलेच पाहिजे. वैधमापन खाते काट्याची पडताळणी करून शिक्का मारते. परंतु वजन बरोबर दाखवणे ही एक गोष्ट आणि दाखवलेले वजन बिनचूक लक्षात ठेवणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचीही परीक्षा घेता येते. ती कशी घ्यावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

यंदा काट्यासाठी नवे नोंदयंत्र घ्यायचे ठरले, तेव्हा ते कसे तपासतात हे पाहायला आम्ही ठाणे व डोंबिवली येथे जाऊन आलो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे काम सुरू झाले, ते ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. आज तिथे आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत असली यंत्रे जोडणारे छोटे कारखाने आहेत. आपल्या भागातली बरीच पोरे डोंबिवली-कल्याणला बिऱ्हाड करून तिथे नोकरी करतात. त्यांनीच आम्हाला सारे समजावून दिले, तेही आपल्या भाषेत. त्यामुळे अडचण पडली नाही.

फ्लॅश मेमरी म्हणजे काय?

वीज गेली तरी जी विसरत नाही ती फ्लॅश मेमरी. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. आज आपल्या खिशातला मोबाइल, पेनड्राइव्ह, एसटी कंडक्टरच्या हातातले तिकीटयंत्र, या सगळ्यांत तिचाच कोणता ना कोणता प्रकार असतो.

तिचा स्वभाव मात्र जरा विचित्र. शाळेतली पाटी आठवा. कोऱ्या पाटीवर एकेक अक्षर लिहिता येते. पण इथे अट अशी, की एक अक्षर बदलायचे झाले तरी पाटी पूर्ण पुसावी लागते. लहान यंत्रांत जी चिप सर्रास वापरतात, तिच्यात एका वेळी २५६ बाइट लिहिता येतात, पण पुसायचे म्हटले की कमीत कमी ४०९६ बाइट एकदम पुसावे लागतात. बाइट म्हणजे ढोबळमानाने एक इंग्रजी अक्षर किंवा अंक मावेल एवढी जागा.

आता वेळेचा हिशेब पाहू. अशा चिपच्या माहितीपत्रकात २५६ बाइट लिहायला साधारणपणे ०.४ मिलिसेकंद लागतात असे दिलेले असते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. या हिशेबाने लिहिण्याचा वेग सेकंदाला ६४० किलोबाइट होतो. ऐकायला झकास! पण पाटी आधी पुसावी लागते, आणि त्याला साधारण ४५ मिलिसेकंद जातात. म्हणजे ४०९६ बाइटांसाठी लिहिण्याचे ६.४ आणि पुसण्याचे ४५ मिळून ५१.४ मिलिसेकंद. वेग उतरला सेकंदाला ८० किलोबाइटवर. माहितीपत्रकात कमाल मर्यादाही असते: लिहायला ३ आणि पुसायला ४०० मिलिसेकंद. ती धरली तर वेग ९ किलोबाइटच्या आसपास येतो. चिप तीच, पत्रक तेच. आकडे तीन, ६४०, ८० आणि ९. वाचायला मात्र पुसण्याची भानगड नाही. त्यामुळे वाचन सेकंदाला काही हजार किलोबाइटने चालते.

विक्रेता यातला कोणता आकडा सांगेल, हे आम्ही सांगायला नको. आपल्याला हे नवे नाही. मिलची ताशी क्षमता निराळी आणि हंगामाच्या शेवटी, बंद पडलेले तास धरून निघणारे सरासरी गाळप निराळे, हे प्रत्येक सभासद जाणतो.

चिपवरचा गोदामपाल

चिपवर कोणती नोंद कुठे ठेवली, कोणती जागा रिकामी, कोणती पुसायची, हे पाहणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टीम म्हणतात. तिला साखर गोदामाचा गोदामपाल समजा. पोती तीच, गोदाम तेच, पण गोदामपाल नीटस असला तर माल पटकन हाती लागतो. संगणकासारख्या मोठ्या यंत्रांसाठी २००१ साली जेएफएफएस-२ आणि २००८ साली यूबीआयएफएस अशा व्यवस्था लिनक्समध्ये आल्या. अगदी लहान यंत्रांसाठी आर्म कंपनीने २०१७ साली लिटल-एफएस खुली केली. म्हणून नुसती चिप मोजून भागत नाही. चिप आणि गोदामपाल यांची जोडी मोजावी लागते.

मोजताना फसगत कुठे होते?

पहिली गोष्ट. यंत्राला ‘लिही’ म्हटले की ते पुष्कळदा तात्पुरत्या मेमरीत टिपून घेते आणि ‘झाले’ म्हणते. चिपवर नंतर सवडीने उतरवते. यार्डात उभ्या असलेल्या गाड्या गाळपात धरण्यातला हा प्रकार. ऊस गव्हाणीत पडल्याशिवाय गाळप नाही, तसे चिपवर उतरल्याशिवाय लेखन नाही. म्हणून प्रत्येक नोंदीनंतर ‘चिपवर उतरव, मगच सांग’ असा हुकूम देऊन वेळ मोजावी. वाचतानाही तसेच. नुकतेच लिहिलेले तात्पुरत्या मेमरीतूनच वाचले जाते आणि वेग फुगतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे आणि मग वाचून पाहावे.

दुसरी गोष्ट. चाचणीला नुसती शून्ये लिहू नयेत. वर सांगितलेल्या जेएफएफएस-२ आणि यूबीआयएफएस मजकूर दाबून, आटोपशीर करून ठेवतात. शून्यांची रास दाबली की मूठभर होते आणि वेग आभाळाला भिडतो. खऱ्या पावत्यांसारख्या नोंदी, म्हणजे गाडी नंबर, सभासद क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, वेळ अशाच लिहून पाहाव्यात.

तिसरी गोष्ट नोंदीच्या आकाराची. आपली एक नोंद ६४ बाइटांची धरू. एखादी भाबडी व्यवस्था तेवढ्यासाठी ४०९६ बाइटांची अख्खी पाटी पुसून नव्याने लिहीत असेल, तर एका नोंदीपायी ६४ पट लेखन होते. एक मोळी आणायला अख्खा ट्रॅक्टर-ट्रॉली पाठवावी, तसे हे. मोठमोठ्या तुकड्यांनी घेतलेल्या चाचणीत हे दिसतच नाही. म्हणून ज्या आकाराचे रोजचे काम, त्याच आकाराची चाचणी.

चौथी गोष्ट. कोऱ्या चिपवर कोणीही पळेल. डोंबिवली स्टेशन दुपारी पाहून कुणी म्हणेल, गर्दी कुठे आहे? सकाळी साडेआठला फलाटावर उभे राहा म्हणजे कळते. चिप ८०-९० टक्के भरली की गोदामपालाला आधी रद्दी नोंदी बाजूला काढून जागा करावी लागते आणि मगच नवी लिहिता येते. हे काम मध्येच उपटते आणि यंत्र थबकते. म्हणून चाचणी भरलेल्या चिपवर आणि पुष्कळ तास घ्यावी. ठाणे-डोंबिवलीच्या औद्योगिक भागात बऱ्याच ठिकाणी सुट्टी शुक्रवारी असते. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी यंत्र लावून द्यायचे आणि शनिवारी सकाळी आकडे पाहायचे, अशी सोय होते.

पाचवी गोष्ट. सरासरीवर जाऊ नये. समजा हजार नोंदींपैकी ९९९ नोंदींना १० मिलिसेकंद लागले आणि एकीला ५ सेकंद. सरासरी निघते १५ मिलिसेकंद, म्हणजे उत्तम! पण त्या पाच सेकंदांत काय होते? काटेवाल्याला वाटते बटण दाबलेच गेले नाही. तो पुन्हा दाबतो. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. एका गाडीच्या दोन नोंदी होतात, किंवा एकही होत नाही. म्हणून सर्वांत जास्त थांबा किती, हा आकडा आधी मागावा. तसेच यंत्र चालू केल्यावर तयार व्हायला किती वेळ घेते तेही पाहावे. जेएफएफएस-२ चालू होताना अख्खी चिप चाळते. चिप मोठी असली तर तोवर गाड्या खोळंबतात.

चाकोरी आणि फेरपालट

वेगाइतकेच आयुष्य महत्त्वाचे. वरच्या प्रकारच्या चिपची प्रत्येक पाटी सुमारे एक लाख वेळा पुसता येते. लाख हा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहू. समजा दिवसाला ६०० गाड्या, भरलेले आणि रिकामे अशी दोन वजने, म्हणजे १२०० नोंदी. दर नोंदीला एकच एक पाटी पुसली गेली तर ८३ दिवसांत लाख पूर्ण! हंगाम निम्म्यावर असतानाच तिचा भरवसा संपला.

रोज एकाच वाटेने बैलगाडी नेली की चाकोरी पडते आणि एक दिवस चाक रुतते. चांगली फाइल सिस्टीम वाट बदलत राहते. पिकाची फेरपालट करावी तशी नोंदीची जागा फिरवते. आठ मेगाबाइटच्या चिपवर अशा २०४८ पाट्या असतात. झीज सगळ्यांवर सारखी वाटली तर हाच हिशेब शेकडो वर्षांवर जातो. प्रत्यक्षात इतर खटाटोपामुळे तो बराच खाली येईल. पण यंत्र त्याआधी भंगारात गेलेले असेल, हे नक्की.

वीज गेली तर?

आमच्या मते खरी कसोटी हीच. पाटी अर्धी पुसलेली आणि वीज गेली, तर जुनेही गेले आणि नवेही नाही. शहाणी व्यवस्था नवी नोंद कोऱ्या जागी पुरी लिहिते, ती तपासते आणि मगच जुनी रद्द करते. नवे खाते लिहून सही झाल्याशिवाय जुने पान फाडायचे नाही, हा आपल्या दप्तराचाच नियम.

हे तोंडी ऐकून मानायचे नाही. यंत्र लिहीत असताना आपोआप वीज तोडणारा स्विच लावतात आणि कधीही, वेळ न ठरवता, वीज तोडतात. दहा वेळा नव्हे, हजारो वेळा. दर खेपेला यंत्र चालू करून पाहायचे: ज्या नोंदीची पावती छापली ती आत आहे का? अर्धवट नोंद कुठे राहिली आहे का? एकही छापील पावती आत सापडली नाही, तर ते यंत्र नापास, मग त्याचा वेग काहीही असो. वेग आणि सुरक्षितपणा एकाच चाचणीत मोजायचा तो यासाठीच. नोंद न तपासता पुढे पळणारे यंत्र कागदावर नेहमीच जास्त वेगवान दिसते.

खरेदीच्या अटी

वरील माहितीवरून आम्ही संचालक मंडळाकडे पाच अटी सुचवल्या आहेत. एक, चाचणी आपल्याच नोंदीच्या आकाराने आणि चिप ९० टक्के भरून व्हावी. दोन, सरासरीबरोबर सर्वांत जास्त थांबाही लेखी द्यावा. तीन, वीजतोड चाचणी आपल्या प्रतिनिधीसमोर व्हावी. चार, नोंद चिपवर उतरून परत वाचून जुळल्याशिवाय पावती छापली जाऊ नये. पाच, रोज रात्री नोंदींची दुसरी प्रत कार्यालयातल्या संगणकावर घ्यावी, कारण चिप कितीही चांगली असली तरी ती एकच असते.

चौथ्या अटीमुळे पावती क्षणभर उशिरा निघेल. तेवढा धीर सभासदांनी आणि ड्रायव्हर मंडळींनी धरावा, ही विनंती. पावती मिळाल्यावर ती खिशात चुरगाळून टाकू नका. गाडी नंबर आणि दोन्ही वजने तिथेच वाचून घ्या, पावती बिल मिळेपर्यंत जपून ठेवा आणि बिल आले की ताडून पाहा. यंत्राची आठवण आम्ही तपासू; पण पावती आणि बिल यांचा मेळ ज्याचा त्यालाच घालता येतो. फरक दिसला तर शेतकी कार्यालयात पावती घेऊन या. त्या दिवसाची नोंद आपल्यासमोर काढून दाखवली जाईल.