तेल नेमके गळते कुठून?

शनिशिंगणापुरात जमिनीवर तेल सांडलेले दिसले, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. उघड्या चौथऱ्यावर छपराविना उभी असलेली ती काळी शिळा, तिच्यावर सतत वाहिले जाणारे तेल, आणि तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभे असलेले लोक. वाहनतळापासून चौथऱ्यापर्यंत तेलाचे डाग पसरलेले असतात. त्यामुळे दर्शन घेऊन परत आल्यावर आमच्या मोटारीखाली ताटलीएवढा काळसर डाग दिसला, तेव्हा शेजारी रुईच्या माळा विकणारा मुलगा सहजपणे म्हणाला, "बाई, त्ये देवाचं तेल असंल. हितं समदीकडंच ऱ्हातंय."

त्याचे म्हणणे चुकीचे म्हणता आले नसते. पण मला काळजी होती. मोटार माझ्या सासऱ्यांची, तीस वर्षांहून जुनी. आदल्याच आठवड्यात पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने तिच्याखाली डोकावून निकाल दिला होता, "क्रँकचे मागचे ऑइल सील गेले. इंजिन उतरवावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून घरात मोटार भंगारात काढण्याची चर्चा सुरू झाली होती. बाबा त्यावर काही बोलले नव्हते. फक्त "एकदा शिंगणापूरला जाऊन येऊ तिच्यातून," इतकेच म्हणाले होते. परतीचे सुमारे १६० किलोमीटर अजून जायचे होते.

पहिला प्रश्न होता, हे तेल आमचे की देवाचे? खिशातला पांढरा कागद डागावर टेकवला. वाहण्याचे तेल, तिळाचे असो वा दुसरे कोणते, कागदावर फिकट पिवळे उमटते. इंजिनमधले वापरलेले तेल काजळीमुळे काळे आणि त्याला जळका वास. कागद काळा झाला. शंका मिटली.

घाई नसेल आणि हाताशी प्रयोगशाळा असेल, तर हा फरक जास्त खात्रीने दाखवता येतो. वनस्पतींची तेले म्हणजे स्निग्धाम्ले आणि ग्लिसरीन यांची संयुगे. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाबरोबर तापवली की त्यांचा साबण होतो. इंजिन ऑइल मुख्यतः हायड्रोकार्बनचे, त्याचा साबण होत नाही, ते वेगळे तरंगत राहते. खाद्यतेलात खनिज तेलाची भेसळ ओळखण्याची प्रमाणित कसोटीही याच तत्त्वावर आहे : मद्यार्कातल्या पोटॅशबरोबर तेल उकळायचे आणि गरम पाणी घालायचे. द्रावण गढूळ झाले तर खनिज तेल आहे. (वर्गात करायचे असेल तर शिक्षकांनीच करावे, चष्मा लावून. कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो.) शिंगणापुरातही २०२५ साली भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होऊ नये म्हणून शुद्ध खाद्यतेलच वाहावे असे ठरले, तेव्हा तेलाची पारख हा तिथेही आता जिव्हाळ्याचा विषय आहे.

दुसरी खूण घरोघरी असते. समई बरेच दिवस घासली नाही तर तिची कड चिकट होते. वनस्पती तेलातल्या दुहेरी बंधांवर हवेतला प्राणवायू हल्ला करतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि डिंकासारखा थर तयार होतो. सुरुवातीच्या मोटारींच्या वंगणात एरंडेल असे. 'कॅस्ट्रॉल' हे १९०९ सालचे नाव कॅस्टर ऑइलवरूनच आले. पण हाच चिकटा इंजिनात साचतो, आणि पुढे खनिज तेलांनी एरंडेलाला मागे टाकले.

आता दुसरा प्रश्न. किती तेल गेले? डागाच्या आकाराने माणूस घाबरतो. समजा, १० मिलिलिटर तेल गुळगुळीत फरशीवर एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर होऊन पसरले. क्षेत्रफळ होते १००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. दोन चमचे तेलाची परात होते! म्हणून डागावर विश्वास न ठेवता डिपस्टिक पाहावी : मोटार सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. आमची पातळी दोन खुणांच्या मध्यावर होती. घोडेगावच्या फाट्यावर अर्धा लिटर तेल घेऊन भरले आणि दर चाळीस किलोमीटरवर थांबून तपासत घरी आलो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेलाचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चालत्या इंजिनात पंप हे तेल वातावरणाच्या काही पट दाबाने बेअरिंगमध्ये पाठवतो. पातळी इतकी खाली गेली की पंप हवा ओढू लागला, की मग दिवा लागतो. तोवर धातूवर धातू घासू लागलेला असतो. दिवा लागला तर 'पुढच्या गॅरेजपर्यंत' जायचे नाही, जागच्या जागी इंजिन बंद करायचे.

आणि प्रत्येक ठिपका तेलाचाच असतो असेही नाही. हिरवट, पाण्याने धुतला जाणारा ठिपका रेडिएटरच्या पाण्याचा. उग्र गंधकी वास आला तर गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असू शकते. त्याचा थेंब पाण्यात मिसळून जातो, खरे तेल तरंगते. नाव 'ऑइल' असले तरी ते तेल नव्हेच. ब्रेकची गळती असेल तर मोटार हलवू नये.

पुढच्या रविवारी अकरावीत शिकणारा भाचा मदतीला आला आणि आम्ही गळतीचे मूळ शोधायला बसलो. गॅरेजवाल्याने तेल कुठे ठिबकते ते पाहिले होते. ठिबकते तिथेच गळते, असे मात्र नसते. कौलारू घरात राहिलेल्यांना हे सांगायला नको. कौल फुटलेले असते एकीकडे, पाणी वाशावरून वाहत जाऊन पडते दुसरीकडे. जुन्या मोटारींत इंजिन बहुधा लांबीच्या दिशेने बसवलेले असते आणि पुढे पंखा. तेल गुरुत्वाने खाली येते आणि वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे वर कुठेही गळो, थेंब बहुतेकदा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी, म्हणजे बरोबर मागच्या सीलखालीच पडतो. शोधायची असते ती सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा.

तीस वर्षांची काजळी असताना ती दिसणार कशी? थंड इंजिन आम्ही रॉकेलच्या फडक्याने पुसून काढले, पूर्ण वाळू दिले आणि मग फळ्याच्या खडूची वस्त्रगाळ पूड पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून सगळीकडे थापली. ही युक्ती माझी नाही. रेल्वेच्या कारखान्यांत चाके आणि आसांमधल्या भेगा शोधण्यासाठी फार पूर्वीपासून हेच करत : भाग तेलात भिजवायचा, पुसायचा, वर चुन्याच्या खडूचा थर द्यायचा. भेगेत लपलेले तेल केशाकर्षणाने पुडीत चढते आणि भेग काळी रेघ होऊन दिसते.

रेघ काळी का दिसते, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो चांगला आहे. तेल तर काळे नसले तरी रेघ दिसते. आपल्याकडचा खडू बहुधा जिप्समचा असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५२, हवेचा १. कणाकणाच्या सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो, म्हणून पूड पांढरी दिसते. कणांमध्ये हवेऐवजी तेल शिरले (अपवर्तनांक सुमारे १.४८) की दोन्हींमधला फरक जवळजवळ संपतो, प्रकाश विखुरण्याऐवजी आत शिरतो आणि जागा गडद होते. भजी ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद पारदर्शक होतो तो याच कारणाने.

इंजिन पंधरा मिनिटे चालवले, मग गल्लीला दोन फेऱ्या. झाकण उघडले तेव्हा रेघ स्पष्ट होती. ती सुरू होत होती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरून, आणि पाठीवरून उतरून थेट खाली गेली होती. तेल मागच्या सीलपाशी पोचत होते, पण तिथून निघत नव्हते.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बुचाचे होते, वाळून ठिसूळ झालेले. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही सपाट दिसले तरी सूक्ष्म खाचखळग्यांमुळे मोजक्याच ठिकाणी टेकतात. मधल्या फटी भरायला दबणारे, पुन्हा फुगणारे काहीतरी लागते. वर्षानुवर्षे उष्णता आणि तेल सोसून बूच आकसते, रबरात नवे बंध तयार होऊन ते कडक होते, आणि फुगण्याची ताकद जाते. मग मालक पाना घेऊन बोल्ट आवळतो. कव्हर पातळ पत्र्याचे, ते बोल्टपाशी दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखे उचलले जाते. गळती वाढते! आमचेही कव्हर तसेच वाकले होते. ते सपाट लाकडावर ठेवून ठोकून सरळ करावे लागले.

नुसते पॅकिंग बदलून मी थांबले असते, पण तेल बाहेर ढकलतो कोण हा प्रश्न उरत होता. टॅपेट कव्हरखाली पंपाचा दाब नसतो. प्रत्येक स्फोटात थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली निसटतोच. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदरची नळी असते. ती तुंबली की सगळे इंजिन फुग्यासारखे आतून फुगू पाहते. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक नळी जोडून तिचा इंग्रजी 'यू' केला आणि त्यात रंगीत पाणी भरले. (पंख्यापासून नळी, ओढणी आणि बोटे लांब.) इंजिन चालू केल्यावर दोन बाजूंच्या पातळीत ९ सेंटिमीटरचा फरक पडला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ९ ग्रॅमचा भार. क्षुल्लक वाटतो. पण कव्हर साधारण ४० गुणिले १२ सेंटिमीटरचे, म्हणजे त्याला आतून सव्वाचार किलोंचा रेटा, आणि तापल्यावर पाण्याकडे झुकणारे पातळ तेल. २०डब्ल्यू-५० जातीचे तेल ४० अंशांपेक्षा १०० अंशांना सुमारे नऊ पट पातळ असते.

ब्रीदरची नळी काढली तर आत काळा खरवस. रॉकेलने धुऊन बसवली आणि तोच प्रयोग पुन्हा केला. फरक एक सेंटिमीटरहूनही कमी. ही दुसरी मोजणी महत्त्वाची. नळी साफ करूनही पाणी तितकेच चढले असते, तर दोष झिजलेल्या रिंगांचा ठरला असता आणि गॅरेजवाल्याचे 'इंजिन उतरवा' हे म्हणणे वेगळ्या कारणाने खरे निघाले असते.

नवे पॅकिंग, त्याला शेलॅकचा पातळ हात, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने बेताने आवळलेले. सिलिकॉनचा जाड थर देऊ नये. दाबाने त्याचे तुकडे आत पडून पंपाची जाळी अडवू शकतात. सील फुगवणारी 'गळतीबंद' औषधेही बाजारात मिळतात. कडक झालेले रबर त्यांनी थोडे नरम होते, पण तुंबलेली नळी त्यांनी कशी उघडणार?

गळती पूर्ण थांबली का? नाही. चेंबरच्या ड्रेन नटाचा वॉशर बदलल्यावर आठवड्याला दोनतीन थेंब उरले. तेवढ्यावर आम्ही समाधान मानले. मोटार भंगारात गेली नाही. बाबा दर महिन्याला तिच्याखाली नवा पुठ्ठा सरकवतात, जुन्यावर तारीख घालून ठेवून देतात. परवाच्या पुठ्ठ्यावर एकच ठिपका होता, पण हिरवट, आणि पाण्याने धुतला गेला. पुढच्या रविवारी भाच्याला पुन्हा बोलावले आहे.