फोटोचं वजन उतरवताना

मैत्रिणींनो, बासुंदी करायची तर दूध आटवावं लागतं. अर्धं दूध मोरीत ओतून काही बासुंदी होत नाही! संगणकातल्या फोटोचा आकार कमी करतानाही हेच ध्यानात ठेवायचं.

नळदुर्गजवळच्या अणदूरसारख्या गावातली मुलगी आता बँकेच्या नोकरीचा अर्ज घरबसल्या भरू शकते. पण आयबीपीएसच्या अर्जाला फोटो लागतो २० ते ५० किलोबाइटचा, आणि सही १० ते २० किलोबाइटची. फोनवर काढलेला फोटो तर सहज दोन-तीन हजार किलोबाइट भरतो. मुदत संपत आलेली, फोटो काही चढत नाही; मग दुकानात धावाधाव, आणि मुलीचा फोटो, सही परक्याच्या हाती! हे काम घरीच का करू नये?

पायथन ही १९९१ साली आलेली संगणकाची भाषा नवशिक्यांनाही झेपते आणि फुकट मिळते. तिच्या जोडीला 'पिलो' हा फोटोंसाठीचा तयार संच घ्यावा. तोही फुकटच. कृती अशी:

१. मूळ फोटो जपून ठेवा. काम प्रतीवरच करा.

२. 'ओपन'ने फोटो उघडून 'फिट' या आज्ञेने २०० बाय २३० ठिपक्यांचा करा. नुसतं 'रिसाइज' केलंत तर चेहरा ताणल्यासारखा दिसू शकतो. 'फिट' जादा कडा कापते, पण प्रमाण राखते.

३. जेपीईजी प्रकारात 'सेव्ह' करताना 'क्वालिटी' ७५ द्या.

४. 'गेटसाइझ'ने वजन बघा. आकडा बाइटमध्ये येतो, त्याला १०२४ ने भागा. २० च्या खाली आलं तर क्वालिटी ८५, ९५ अशी चढवा. ५० च्या वर गेलं तर उतरवा.

सहीलाही हीच कृती, फक्त ठिपके १४० बाय ६०.

एक मात्र सांभाळा. पायथनमध्ये 'ट्रंकेट' नावाचीही आज्ञा आहे. सांगाल तेवढ्या बाइटवर ती फाइल कापते. मजकुराच्या फाइलचा शेवट छाटायला ती ठीक. फोटोचा मात्र खालचा भाग जातो, नाहीतर तो उघडतच नाही. कापलेलं परत येत नाही, बरं का!

अर्ज धाडण्याआधी तयार फोटो एकदा डोळ्यांनी बघा. वजन बसलं, पण चेहरा ओळखू आला नाही, तर काय उपयोग? परीक्षेच्या दारात मुलीची ओळख त्याच फोटोवरून पटवायची असते.