गादीखालचे दफ्तर

डेट्रॉइट शहराने वेढून टाकलेल्या हॅमट्रॅम्क या चिमुकल्या गावात डॉज मोटारींचा जो अवाढव्य कारखाना १९८० च्या जानेवारीपर्यंत चालू होता, त्याच्या असेंब्ली लाइनवरून १९७० साली चॅलेंजर आणि बॅराकुडा या नावांच्या ज्या गाड्या पुढे सरकत, त्यांतील लागोपाठच्या दोन गाड्या एकमेकींसारख्या निघतील असा हवाला खुद्द कारखान्याच्या व्यवस्थापकालाही देता आला नसता. इंजिन कोणते, गिअर हाताने बदलायचा की आपोआप बदलणारा, रंग कोणता, रेडिओ हवा की नको, अशा बारीकसारीक फर्माइशींची जी यादी गिऱ्हाईक दुकानदाराच्या टेबलाशी बसून लिहून देई, ती दूरच्या कारखान्यात जशीच्या तशी अमलात येणे हा त्या काळच्या अमेरिकी मोटारधंद्याचा अभिमानविषय होता. आणि त्या हुकमाची तामील बिनचूक व्हावी म्हणून गाडीगणिक जो एक कागद छापला जाई, त्याची ही हकीकत आहे.

कारखान्यात त्याला बिल्ड शीट म्हणत. क्रायस्लरच्या कारखान्यांतून ब्रॉडकास्ट शीट हे नाव चाले, कारण एकाच हुकमाच्या नकला टेलिप्रिंटरवरून एकाच वेळी निरनिराळ्या खात्यांकडे रवाना होत. कागदावर चौकटींची जाळी आणि चौकटींत आकडे व अक्षरे, एवढाच त्याचा थाट. परंतु ज्याला ती लिपी अवगत आहे त्याला त्यातून संपूर्ण गाडी उभी करता येते. क्रायस्लरच्या कागदावर ‘ई ७४’ दिसले की इंजिन ४२६ घनइंची हेमी, ‘डी २१’ दिसले की गिअर चार वेगांचा व हाताचा, ‘एफ सी ७’ दिसले की रंग त्या काळी तरुणांना वेड लावणारा जांभळा. गाडी पूर्ण होऊन पुढे गेली की या कागदाचे प्रयोजन संपे. तो जपून ठेवावा असा दंडक नव्हता, आणि शेजारी टोपली असलीच तरी तेवढी पावले टाकण्याइतकी उसंत सरकत्या साखळीवरच्या कामगाराला नसे. म्हणून त्याने तो हाताशी असलेल्या पोकळीत खुपसला, वर गादी दाबून बसवली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. आळसाला इतके टिकाऊ फळ आल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

या पोकळ्यांचा भूगोल आता जाणकारांना बराचसा पाठ झाला आहे. क्रायस्लरच्या गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, पुढच्या सीटच्या तळाशी, कार्पेटखाली किंवा डॅशबोर्डातील खणाच्या वरच्या बाजूस हात घालून पाहतात. शेव्हरोलेच्या कॅमॅरो आणि शेव्हेल या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीची पाठ तपासतात, कारण टाकी वर चढवताना टाकी व तळपत्रा यांच्यामध्ये सारलेला कागद तेथेच अडकून राहिलेला आढळतो. आणि १९६७ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये तर तो टाकीवर चक्क डकवलेलाच असे. टाकी उतरवण्याचे काम मोठ्या जपणुकीने करावे लागते. पन्नास वर्षांचा ओलावा, पत्र्याचा गंज आणि वरून झिरपलेले पेट्रोल यांनी कागद इतका ठिसूळ झालेला असतो की, उतावळेपणाने ओढणाऱ्याच्या हाती अक्षरे न येता केवळ भुगा येतो. सीटमधील कागदाचे वैरी निराळे, ते म्हणजे उंदीर. उबदार बिळासाठी त्यांनी किती गाड्यांची वंशावळ कुरतडली असेल याची गणती कोण करणार?

वंशावळ हा शब्द मी बुद्ध्याच वापरला आहे. १९७० सालच्या शेव्हेल गाडीचा चासी नंबर पाहावा, तर तिच्या मालिबू या प्रकारातील व्ही-आठ इंजिनाच्या सगळ्या गाड्यांचा नंबर ‘१३६’ या अंकांनीच सुरू होतो; तीत कुटुंबवत्सल गृहस्थाचे साधे इंजिन होते, की ‘एल एस ६’ या नावाने दंतकथेत गेलेले ४५० अश्वशक्तीचे ४५४ घनइंची इंजिन, याविषयी तो नंबर अवाक्षर काढीत नाही. शेव्हरोलेच्या नंबरात इंजिनाची खूण आली ती १९७२ पासून. इंजिनखान्याच्या मागील पत्र्यावर जी धातूची पट्टी ठोकलेली असते, ती सांगाडा बनवणाऱ्या फिशर बॉडी या खात्याची, आणि तिला रंग व आतील सजावट यांपलीकडचा तपशील सहसा ठाऊक नसतो. पाँटिॲकच्या जीटीओची गोष्टही तशीच. १९६४ आणि १९६५ साली ही स्वतंत्र गाडी नव्हती, तर लेमाँ किंवा टेम्पेस्ट या गाड्यांवर जादा पैसे मोजून घ्यावयाचा एक साज होता, आणि नंबर मूळ गाडीचाच राही. मग साध्या गाडीला जीटीओची नावे चिकटवून ती दामदुपटीने विकणारे लोक निर्माण न झाले तरच नवल! क्रायस्लरने नंबराच्या पाचव्या स्थानी इंजिनाचे अक्षर घातले, हा त्यांचा शहाणपणा. तरी गिअर आणि बाकीचा साज सिद्ध करण्यास तेथेही हाच कागद साक्षीला उभा राहतो. १९७१ ची एक हेमी इंजिनाची उघड्या टपाची ‘कुडा’ (बॅराकुडा) २०१४ साली सिॲटलच्या लिलावात पस्तीस लाख डॉलरला गेली. ज्या बाजारात अशा रकमा फिरतात, तेथे बनावट मालाच्या उद्योगाला भांडवलाची वाण पडत नाही.

येथे मराठी वाचकाला इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. गावोगावच्या वाड्यांतील रुमाल सोडवून बावीस खंडांची साधने उभी करणाऱ्या त्या संशोधकाने बखरीच्या रसाळ कथनापेक्षा समकालीन कागदाच्या रुक्ष तपशिलाला जो अग्रमान दिला, त्यामागील तर्क या मोटारींच्या कागदालाही तंतोतंत लागू पडतो. विकणाऱ्याचे कथन ही बखर होय: ती नंतर रचलेली, गिऱ्हाईकाच्या मर्जीकडे डोळा ठेवून सजवलेली आणि प्रत्येक हस्तांतराबरोबर एकेक पराक्रम वाढवीत आलेली असते. उलट बिल्ड शीट ज्याने छापले, त्याला ते उद्या कोणी वाचील याची स्वप्नातही कल्पना नव्हती; त्याची दृष्टी आजच्या कामापुरती होती, आणि म्हणूनच त्याच्या साक्षीत स्वार्थाचा लवलेश नाही. कारखान्याने मुद्दाम ग्राहकाच्या हाती दिलेल्या हमीपत्रापेक्षा गादीखाली विसरलेल्या या चिठोऱ्याला अभ्यासकांनी अधिक मान द्यावा, हे मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

तथापि अस्सल कागदही नेहमी त्याच गाडीचा असतो असे समजू नये. कामगाराच्या हातात पुढच्या-मागच्या गाड्यांचे कागद एकत्र असत आणि घाईत एकीचा कागद दुसरीच्या गादीत जाई. त्यामुळे मोठ्या उत्कंठेने सीट उसवावी आणि हाती लागावे ते अनोळखी गाडीचे दफ्तर, असा प्रसंग अनेकांवर गुदरतो. कागदावर नंबर छापलेला असल्याने रुजुवात सोपी असते, आणि असा परका कागद त्याच्या खऱ्या धन्यापर्यंत पोहोचवण्याचे सौजन्य या छंदातील मंडळी अगत्याने पाळतात. त्याहून बिकट प्रश्न खोट्या कागदांचा. पट्ट्या, हमीची धातूपत्रे आणि शीटे यांच्या नकला उघडउघड विकत मिळतात, आणि नकलेला जुनेपणाचा रंग चढवणे कठीण नाही. म्हणून परीक्षक आधी छपाईची जात आणि कागदाचा पोत पाहतात, मग स्प्रिंगांच्या गंजाचे वळ आणि घड्यांच्या खुणा गादीशी जुळतात की नाही हे ताडतात. आणि कागद कोठे व कसा निघाला याची जागेवरची छायाचित्रे नसतील, तर त्याची किंमत निम्म्यावर आणतात. सापडलेला कागद कोरडा असताना उलगडू नये, त्यावर चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशनच्या मोहात तर मुळीच पडू नये. पुराभिलेखाचे हे साधे नियम न पाळल्याने, उंदरांच्या तावडीतून सुटलेले कागद माणसांच्या प्रेमाने नष्ट झाले आहेत.

सर्वच कारखानदारांनी आपले दफ्तर असे वाऱ्यावर सोडले होते असे मात्र नाही. रोल्स-रॉइसची चासी कार्डे इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशरमधील पॉलर्सपरी येथे त्या गाड्यांच्या रसिकमंडळाने जतन केली आहेत. अनेक ब्रिटिश कारखान्यांच्या नोंदवह्यांवरून गेडनच्या संग्रहालयातून रीतसर दाखला मिळतो. फोर्डची १९६७ पासूनची माहिती मार्टी नावाच्या संस्थेमार्फत, तर पाँटिॲकची १९६१ पासूनची बिले तशाच एका संस्थेमार्फत मागवता येतात. कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांचेही दफ्तर शाबूत आहे. लक्षावधी गाड्या विकणाऱ्या शेव्हरोलेचे मात्र तसे सलग दफ्तर अमेरिकेत उपलब्ध नाही, आणि त्यामुळेच टाकीवरच्या कागदाचे माहात्म्य तेथे सर्वांहून अधिक.

आपल्याकडील स्थितीविषयी थोडे लिहिले पाहिजे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्यास प्रारंभ केला आणि १९५४ पर्यंत तो उद्योग चालवला. कुर्ल्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डीसोटो जुळवल्या आणि पुढे फियाट ११०० घराघरांत पोहोचवली. आपल्या जुन्या गाडीची ओळख मुख्यतः आरटीओच्या दफ्तरावर आणि मालकाच्या आरसी बुकावर टिकून आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तीत येथे आधी नोंदलेल्या गाडीचे जुने नोंदणीपत्र आणि परदेशातून आणलेल्या गाडीचा जकातीचा दाखला मागितला जातो. म्हणजे ज्या कागदाला घरातली मंडळी रद्दी समजत आली, तोच आता सरकारदरबारी रुजू करावा लागतो. तेव्हा ज्यांच्या वाड्यात आजोबांची डॉज किंवा फियाट ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांना एवढीच विनंती की, गाडी कुशनवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी आपण स्वतः उभे राहून सीट उचलवावी, खण आणि दरवाजांची पॅनेले उघडून घ्यावीत, आणि जो कागद निघेल, मग ते टॅक्सचे जुने टोकन असो, विम्याची पावती असो की गॅरेजचे बिल, त्याची जागा लिहून ठेवून आणि छायाचित्र काढून मगच तो बाहेर घ्यावा.