बोलायला जागा

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. सरकारी मनोरुग्णालयांमुळे या चार ठिकाणांची नावं मराठी घरांत वर्षानुवर्षं टोमण्यासारखी वापरली गेली. ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ असं कुणी सहज म्हणायचं, आणि ज्याला खरोखर मदत हवी असायची तो आणखी गप्प व्हायचा. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था उभी केली आणि समुपदेशन हा शब्द हळूहळू मध्यमवर्गाच्या बोलण्यात आला. तरीही समुपदेशकाचा जिना चढताना कुणी पाहिलं तर, ही धास्ती गेली नाही. तालुक्याच्या गावात तर समुपदेशक सापडणंच कठीण, आणि सापडला तर तो ओळखीतला निघणार.

गेल्या पंधराएक वर्षांत दुरून मिळणारं समुपदेशन वाढलं, त्याच्या मुळाशी ही धास्ती आहे असं मला वाटतं. २०१२ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं ‘आयकॉल’ सुरू केलं. फोनवर किंवा ईमेलवर प्रशिक्षित समुपदेशक भेटू लागले. चेहरा दाखवायचा नाही, नाव सांगायची सक्ती नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि व्हिडिओवर तासभर बोलणं सामान्य माणसाच्या खिशाला झेपू लागलं.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याच दिवशी डॉक्टरांना दुरून उपचार करता यावेत यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. मानसोपचारतज्ज्ञांसाठी वेगळी तत्त्वं बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं इतर संस्थांसोबत मे महिन्यात काढली. समुपदेशकांनी मात्र कागदाची वाट पाहिली नाही; चालू असलेली सत्रं त्यांनी फोनवर, व्हिडिओवर नेली.

आणि मग एक गोष्ट उघडी पडली, जिच्याबद्दल आजही पुरेसं बोललं जात नाही. समुपदेशक मिळाला, पण बोलायला जागा मिळेना. दोन खोल्यांत पाच माणसं. जिच्याबद्दल बोलायचं ती सासू भिंतीपलीकडे, ज्याच्याबद्दल बोलायचं तो नवरा त्याच खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेला. लोक गच्चीवर गेले, उभ्या गाडीत काचा वर करून बसले, जिन्यात कुजबुजले. काहींनी तोंडानं बोलणं सोडून पूर्ण सत्र टंकून केलं. जाणते समुपदेशक तेव्हापासून सुरुवातीलाच विचारतात, ‘आत्ता कुठे बसला आहात? शेजारी कुणी आहे का?’ पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबरही घेऊन ठेवतात. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर दूरवरून धावून जाता येत नाही. फोन मध्येच तुटला तर कुणी कुणाला लावायचा, हेही आधी ठरतं. या साध्या प्रश्नांमध्ये मला खरी काळजी दिसते.

पडद्यावर आणखी एक गोष्ट अवघड झाली, ती म्हणजे शांतता. समोरासमोर बसल्यावर अशील दोन मिनिटं गप्प राहिला, तर ती वेळ त्याची असते. बऱ्याचदा खरं वाक्य त्यानंतरच येतं. व्हिडिओवर तेवढ्याच वेळात कुणीतरी विचारतं, ‘आवाज येतोय ना?’ आणि ते वाक्य परत आत जातं. हलणारा पाय, चुरगळलेला रुमाल कॅमेऱ्याबाहेर राहतो. हे नुकसान खरं आहे. तरी परराज्यात शिकणाऱ्या मुलाला किंवा परदेशात एकट्या पडलेल्या मुलीला आपल्या भाषेत रडता येतं, या लाभापुढे मी ते सोसण्याजोगं मानतो.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सरकारची ‘टेली मानस’ ही फोनवरची समुपदेशन सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास, मराठीतही. गुपिताचा प्रश्न मात्र घराच्या भिंतींपुरता उरला नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशनाच्या मोठ्या कंपनीवर ग्राहकांची नाजूक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगानं ठेवला आणि कंपनीनं ७८ लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं. त्यामुळे ॲपवर पहिला प्रश्न भरण्याआधी आपण लिहिलेलं कुठे साठतं, कोण वाचतं, हे विचारायलाच हवं. समोरच्याचं शिक्षणही विचारावं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती पाहता येते. समुपदेशकांना कायद्याच्या चौकटीत घेण्याचं पाऊल तर २०२१ मध्ये पडलं.

सरकारनं क्रमांक दिला, तज्ज्ञ दिले, २०२४ मध्ये ‘टेली मानस’चं ॲपही आणलं. आता जागेचं बघायला हवं. महाविद्यालयांनी, तालुक्याच्या वाचनालयांनी, आरोग्य केंद्रांनी दार आतून लागेल अशी एक लहान खोली ठेवावी. तासाभरासाठी ती मागणाऱ्याला कारण विचारू नये आणि वहीत त्याचं नाव लिहू नये.