इटलीच्या वाटेवर रत्नागिरी

आमच्या घरात इटलीचे नाव पहिल्यांदा निघाले ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आणि काढले ते आमच्या कन्येने. ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे सारे जग केवळ आपलीच वाट पाहत ताटकळले आहे असे ज्या वयात वाटते, त्या वयात आहे. तिने भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवून डाव्या हाताने फोन माझ्यापुढे धरला. समुद्राच्या कड्याला चिकटलेली रंगीबेरंगी घरे, खाली निळे पाणी आणि बोगद्याच्या तोंडातून डोके काढणारी आगगाडी. जिनोआहून ला स्पेत्सियाला जाणारा हा लोहमार्ग १८७४ साली पुरा झाला. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे ही पाच गावे त्यावर एका ओळीने लागतात. त्यांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात, ही माहिती तिने एका दमात दिली.

"आधी फ्लॉरेन्स, दोन दिवस चित्रं बघायची, मग पिसा, मग ही गावं. आणि बाबा, सगळं आगगाडीनंच होतं!"

मी मराठीचा प्राध्यापक. खर्चाच्या प्रश्नाला उत्तर सुचेनासे झाले म्हणजे आम्ही लोक इतिहासाचा आधार घेतो. मी म्हणालो, "अगं, इटलीच आधी आपल्याकडे येऊन गेली आहे. निजाम सरकारनं १९२० नंतर अजिंठ्याची चित्रं सांभाळायला लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन कारागीर इटलीहून बोलावले होते. आपण कशाला जायचं?"

"आणि त्यांनी चढवलेलं व्हार्निश पुढं पिवळं पडलं, तेही सांगा," सौ. म्हणाली. ती इतिहास शिकवते. एका घरात दोन प्राध्यापक असू नयेत, हे माझे मत जुनेच आहे.

चिरंजीव हसले. विषय तिथेच मिटला असता, पण कोपऱ्यात पाटावर बसलेल्या आईने मान वर केली आणि विचारले, "त्या गाडीतून समुंदर दिसतो व्हय गं?"

यावर कोणीच काही बोलले नाही.

आईचे वय पंचाहत्तर. गाव पैठण तालुक्यातले. तिने गोदावरीचे पूर पाहिले, जायकवाडीचे धरण होताना पाहिले, नाथसागर भरताना पाहिला. समुद्र मात्र पाहिला नाही. वडिलांनी तिला समुद्र दाखवण्याचे कबूल केले होते. हे वचन लग्नाच्या नव्या नवलाईतले असणार, असा माझा समज होता. पुढे आम्हा चौघा भावंडांची शिक्षणे, बहिणीचे लग्न, विहिरीचे कर्ज अशी एकेक कारणे होत गेली. वडील जाऊन बारा वर्षे झाली. त्यांच्यामागे जमिनीच्या वाटण्या आम्ही भावांनी दोन महिन्यांत उरकल्या; हे वचनही वारसाहक्काने आमच्याकडे आले आहे, याची आठवण बारा वर्षांत एकालाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कागदावर हिशेब मांडला. पाच माणसांनी इटलीला जाऊन यायचे तर लागणाऱ्या रकमेत आमच्या शेतात दुसरी विहीर बांधून झाली असती. तेव्हा मी जाहीर केले की दिवाळीच्या सुटीत आपण समुद्रकाठची आगगाडी पाहणार. ७४० किलोमीटरांचा मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल.

"म्हणजे कोकण?" कन्येने विचारले. दुपारची भाजी रात्री पुन्हा पानात पडली म्हणजे ती जो स्वर लावते, तोच हा स्वर.

आमच्या गावाहून कोकणात जायचे म्हणजे आधी मुंबईची दिशा धरावी लागते. मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद जवळचे आणि रत्नागिरी परदेश, असा कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. आमची रेल्वेही निजामाच्या काळात, १९०० साली, मनमाडला हैदराबादशी जोडण्यासाठी आली. कोकणाकडे तिने कधी पाहिलेच नाही. दुपारची तपोवन एक्सप्रेस धरली. मनमाडला चहा झाला, कसाऱ्याचा घाट अंधारात गेला. रात्री ठाण्याला मावसबहिणीकडे टेकलो आणि सकाळी मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो.

आता एक गोष्ट कोणीही आधी सांगत नाही, ती मी सांगून ठेवतो. महाराष्ट्रातल्या कोकण रेल्वेतून समुद्र म्हणून दिसत नाही! गाडी किनाऱ्यापासून बरीच आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगरांतून धावते. मला हे नकाशावरून कळायला हवे होते. पण नकाशा पाहणे हे भूगोलवाल्यांचे काम, असे मानून मी निघालो होतो. आई पनवेलपासून चष्मा पुसून खिडकीशी बसली होती. सावित्री लागली. "ह्योच का रे?" नव्हे, ही नदी. खेडच्या पुढे वाशिष्ठी लागली. "मग ह्यो?" हीसुद्धा नदीच. त्यानंतर तिने विचारणे सोडून दिले. कन्या मात्र गप्प बसली नाही. "इटलीत दिसतो," ती म्हणाली.

नदी नाही आणि समुद्र नाही म्हटल्यावर आई दुसरेच काही पाहू लागली. गाडी खोल कापलेल्या खडकातून जात होती. दोन्ही अंगांना काळ्या दगडाच्या भिंती, मध्येच तांबडा जांभा, पुन्हा काळा दगड. एक बोगदा संपतो न संपतो तोच दुसरा. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढा दगड कोणी फोडला असंल रे?"

मी वर्गात शिरावे तसा उत्साहाने सरसावलो. बॅरिस्टर नाथ पैंनी संसदेत कोकणच्या रेल्वेसाठी किती बाजू मांडली, त्यांच्यामागे मधू दंडवत्यांनी तीच मागणी कशी लावून धरली, दिव्याहून निघालेला फाटा रोह्यापर्यंत पोहोचायला १९८६ साल कसे उजाडले. पुढे दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग जुळला, १९९० साली स्वतंत्र महामंडळ निघाले आणि ई. श्रीधरन यांनी साऱ्या मार्गाचे काम तडीस नेऊन २६ जानेवारी १९९८ रोजी तो खुला झाला, हे सगळे मी सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले.

"ती झाली सायबांची नावं," ती म्हणाली. "फोडला कोणी?"

मग, माझ्याकडे न पाहता, ती बहात्तर सालाबद्दल बोलू लागली. १९७२चा दुष्काळ आमच्याकडे अजून असाच, नुसत्या 'बहात्तर' या नावाने ओळखतात. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, एवढे आम्हांला ठाऊक होते; पण तेवढेच. मोठा भाऊ तेव्हा अंगावर पिणारा. त्याला बाभळीखाली झोळीत टाकून ती दिवसभर उन्हात दगड फोडी. मुकादम ढीग मोजायचा. माप भरले नाही तर आठवड्याच्या मजुरीत घट. खायला सुकडी, आणि रेशनवर तो तांबडा परदेशी मिलो, ज्याची भाकरी थापता थापता तुटे. एकदा छिलका उडून डाव्या अंगठ्यात शिरला. तिने अंगठा पुढे केला. ती पांढरी खूण मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ती विळ्याची आहे, असे मी आजवर समजत होतो. मी कधी विचारलेच नव्हते.

"तुझ्या दादांनी तवाच म्हणलं होतं," ती म्हणाली. "त्या ढिगावर बसून. हे साल सरू दे, तुला समुंदर दाखवतो. तिथलं पाणी कधी आटत नाही म्हणले."

तेव्हा ते वचन नव्या नवलाईतले नव्हते.

इतक्यात करबुड्याचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा कित्येक वर्षे देशात सर्वांत लांब होता. पुढे काश्मीरमधल्या पीर पंजालच्या बोगद्याने तो मान घेतला. डब्यात दिवे होते, तरी खिडकीबाहेरचा काळोख संपता संपेना. उजेडात आलो तेव्हा पाहिले, कन्येने आजीचा तो अंगठा आपल्या मुठीत धरला होता आणि फोन कुठेतरी पिशवीत गेला होता.

रत्नागिरीत आम्ही तीन दिवस राहिलो. थिबा राजाचा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इतक्या दूर आणून ठेवले, १९१० साली हा वाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथेच वारला. मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान पाहिले. तिथे मी जरा जास्तच रेंगाळलो, असे मंडळींचे म्हणणे आहे. पण या स्थळांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी वेगळे काय लिहिणार?

समुद्र दिसला तो आरेवारेच्या रस्त्यावर. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला या वाटेने जाताना रिक्षा चढाला लागते, दोन्ही बाजूंना झाडी असते आणि एका वळणावर समोरचे सगळे एकदम मोकळे होते. रिक्षावाला गृहस्थ मोठा समजूतदार. त्याने न सांगता रिक्षा थांबवली. आई उतरली, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. आमच्या वाङ्मयात अशा प्रसंगी डोळ्यांत पाणी येते. तिच्या आले नाही. पेरणीआधी माणूस आभाळाकडे पाहतो, तशी ती पाहत होती.

"नाथसागराला पलीकडचा काठ दिसतो," एवढेच ती म्हणाली.

गणपतीपुळ्याला देऊळ अगदी वाळूवरच आहे. दर्शन झाल्यावर तिला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही पाण्याशी नेले. गुडघे दुखत होते, पण ती घोटाभर पाण्यात गेली. एक लाट येऊन लुगड्याचा काठ भिजवून गेली. तिने वाकून ओंजळ भरली आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत जिभेला लावली.

"खारट आहे रे. ज्वारीला नाही चालायचं."

चिरंजीव खो खो हसले. आईही हसली. मग ओंजळीतले पाणी हळूच सोडून देत ती म्हणाली, "त्यांना ठावं नव्हतं."

चौथ्या दिवशी गोव्याची गाडी धरायची होती. त्याआधी रत्नागिरीचे श्रमशक्ती स्मारक पाहायचे कन्येने ठरवले होते. कोकण रेल्वेच्या बांधकामात ज्यांचे प्राण गेले त्यांचे हे स्मारक. मी या गावी पूर्वी दोनदा व्याख्यानाला आलो होतो. मला त्याची वार्ताही नव्हती. आई तिथे पायांतल्या वहाणा काढून उभी राहिली. गणपतीपुळ्याला उभी होती त्याहून जास्त वेळ. तिला गाडीची आठवण करून द्यायला कोणी धजावेना, आणि शेवटी आम्हांला सामान घेऊन अक्षरशः धावत फलाटावर जावे लागले.

रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल आहे. चौसष्ट मीटर उंचीचा. मी डोळे मिटून घेतले. आईने खाली वाकून खांब पाहिले. पुढे गोव्यात शिरताच पेडण्याचा बोगदा लागतो. लांबीने तो करबुड्याच्या पाव भागाएवढाही नाही. पण तिथे खडक नव्हता, ओली माती होती. ती पुनःपुन्हा ढासळे, माणसे गाडली जात, आणि या एका बोगद्यापायी सारा मार्ग अडून राहिला होता. हे कन्येने आजीला सांगितले. तिने हे कधी वाचून ठेवले कोण जाणे.

करमळीला उतरले की जुने गोवे जवळच आहे. बॉम जेझूच्या चर्चची जांभ्याची भिंत, वर गिलावा नाही. आत सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी: वरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवलेली, खालचा संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने तो भेट दिला. जोव्हान्नी फोज्जिनी या शिल्पकाराने दहा वर्षे खपून तो केला आणि १६९८ साली तो इथे उभा राहिला.

"आजी, हा दगड इटलीतून आला," कन्या म्हणाली.

"बोटीतून? एवढा?" आईने मान वर करकरून पाहिले. "आन् फुटला नाही?"

"सुटा करून आणला, इथं जोडला."

"चांगले कारागीर," आईने दाखला दिला. आमच्या आईच्या तोंडून दगडकामाची स्तुती सहजी येत नाही, हे मला आता कळू लागले होते.

मला मडगावजवळ रायतूरला जायचे होते. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्तपुराण लिहिले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, अस्सल मराठीत. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. मराठीच्या प्राध्यापकाने एवढ्या जवळ येऊन तिथे जाऊ नये, ही शरमेची गोष्ट. परंतु मतदान झाले आणि चार विरुद्ध एक अशा मतांनी ठराव फेटाळला गेला.

घरी परतल्याला आता वर्ष होत आले. शेजारणी समुद्राचे विचारतात, आई त्यांना बोगदे सांगते. मध्यंतरी एका दुपारी तिने नातीला जवळ बोलावून त्या पाच गावांची चित्रे पुन्हा पाहिली, आणि रात्री मला विचारले, "तिथले बोगदे आपल्याहून मोठे हायेत का रे? मला कागद लागतील ना, परदेशाला?"

कागद म्हणजे पासपोर्ट. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे. तिच्या वयाच्या निम्म्या गावाची तीच आहे. तिला ती मान्य नाही. आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलो, कागदावर तेच पाहिजे, असा तिचा हट्ट आहे. त्या काळच्या जन्माच्या नोंदी कोतवालाच्या वहीत असत, आणि आमच्या भागात त्या उर्दूत सापडतात. मी तहसिलीत दोन खेपा घातल्या. वही निघाली आहे. ती वाचून दाखवील असा एक म्हातारा गृहस्थ पैठणला आहे म्हणतात. भाऊबीज झाली की त्याच्याकडे जायचे आहे.